शॅमेलिऑनची मादी अडते तेव्हा

जॅक्सन शॅमेलिऑनची मादी विताना पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, हिचे काहीतरी बिनसले आहे. ती एका जागी बसत नाही. फांदीवरून सावकाश पुढे सरकते, थांबते, शेपटीच्या मुळाशी असलेला भाग फांदीला टेकवते आणि एक ओलसर, चिकट गोळी तिथे लावून पुढे निघून जाते. कधी गोळी फांदीला न चिकटता सरळ खाली पडते. मादी वळूनही पाहत नाही. थोडा वेळ काहीच घडत नाही. मग गोळीवरचा पातळ पडदा ताणला जातो, फाटतो, आणि पेन्सिलीच्या तुकड्याएवढे, एक ग्रॅमही वजन नसलेले पिल्लू बाहेर येऊन जवळची काडी पकडते. त्याचे डोळे आतापासूनच दोन दिशांना स्वतंत्रपणे फिरत असतात. एक-दोन दिवसांत ते फळांवरच्या चिलटांची शिकारही करू लागते. अशी दहा, वीस, कधी तीसहून अधिक पिल्ले काही तासांत बाहेर येतात, आणि हे सारे अगदी नैसर्गिक असते.

बिघडलेले बाळंतपण याहून कितीतरी शांत असते. मादी पिंजऱ्याच्या तळाशी येऊन बसते, भरदुपारी डोळे मिटून घेते, आणि पाळणाऱ्याला वाटते की आता वेळ जवळ आली. तो दोन दिवस वाट पाहतो. तिसऱ्या सकाळी मादी मेलेली सापडते आणि तिच्या पोटात पूर्ण वाढलेली पिल्ले असतात.

म्हैस अडली, शेळी अडली म्हणजे काय, हे गावाकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. गोठ्यात रात्रभर दिवा जळतो, जाणकाराला बोलावणे जाते, हात घालून वासरू फिरवले जाते. ऐंशी-शंभर ग्रॅम वजनाच्या प्राण्यात हात घालता येत नाही. ती ओरडत नाही, हंबरत नाही. शिवाय नेमकी कोणत्या दिवशी तिने विणे अपेक्षित होते, हेही बहुधा कोणाला ठाऊक नसते. अमेरिका आणि युरोपात हा प्राणी हौसेने पाळला जातो. तिथल्या सरीसृपांच्या डॉक्टरांकडे येणाऱ्या अडलेल्या मादीची गोष्ट म्हणूनच बऱ्याचदा त्या दिवसापासून सुरू होत नाही. ती काही महिने आधी, पिंजऱ्यातल्या उष्णतेपासून आणि पाण्यापासून सुरू झालेली असते.

अंडी पोटातच का

शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आज ज्ञात आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य अंडी घालतात. भारतात आढळणारा शॅमेलिऑनही, ज्याला महाराष्ट्रात काही ठिकाणी घोयरा म्हणतात, जमिनीत खड्डा करून अंडी पुरतो. पाळीव प्राण्यांच्या बाजारात सर्वाधिक दिसणारा येमेनचा व्हेल्ड शॅमेलिऑनही तसाच. पिल्लांना थेट जन्म देणारे गट थोडे. दक्षिण आफ्रिकेतले बुटके शॅमेलिऑन त्यात येतात, आणि पूर्व आफ्रिकेच्या उंच डोंगरांवरच्या काही जाती. जॅक्सन शॅमेलिऑन या दुसऱ्या गटातला. नराच्या तोंडावर तीन लांब शिंगे असतात. डायनोसॉरच्या चित्रातल्या ट्रायसेरॅटॉप्सची आठवण व्हावी अशी. जॉर्ज बूलेंजर या प्राणिशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले आणि फ्रेडरिक जॅक्सन या पक्षिअभ्यासक प्रशासकाचे नाव तिला दिले. हा जॅक्सन पुढे युगांडाचा गव्हर्नर झाला.

या प्राण्याचे घर म्हणजे केनियाचा डोंगराळ भाग आणि टांझानियातला मेरू पर्वत. साधारण दीड हजार ते अडीच हजार मीटर उंचीवरचा हा पट्टा. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे, यावरून अंदाज यावा. दिवसा हवा सुखद, रात्री मात्र पारा दहा अंशांच्याही खाली उतरू शकतो. पाऊस आणि धुके भरपूर. अशा ठिकाणी अंडी जमिनीत पुरली, तर थंड मातीत त्यांची वाढ रेंगाळते किंवा थांबते. मादीने ती पोटातच ठेवली, तर ती दिवसा उन्हाच्या कवडशात जाऊन बसू शकते, दुपारी सावलीत येऊ शकते. थोडक्यात, तिचे शरीर म्हणजे चालते-फिरते उबवणी यंत्र होते. थंड हवामानात पिल्लांना जन्म देण्याची पद्धत का रुजली, याचे हे सर्वांत मान्य स्पष्टीकरण आहे. सरडे आणि सापांच्या कुळांत ही पद्धत शंभराहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली असे मानले जाते. शॅमेलिऑनमध्येही ती एकापेक्षा अधिक वेळा आली.

पण ही सोय फुकटची नाही. अंडी घालणारी मादी काही आठवड्यांत मोकळी होते. जॅक्सन मादी पाच-सहा महिने, थंडीत त्याहूनही अधिक काळ, सगळे वेत पोटात घेऊन झाडावर चढते-उतरते. पोषणाचा मोठा भाग अंड्यातल्या बलकातूनच येतो. त्यामुळे सस्तन प्राण्यांसारखी जाडजूड वार इथे नसते. मात्र प्राणवायू आणि पाणी आईच्या शरीराकडूनच, अंडवाहिनीच्या पातळ भिंतीतून मिळत राहते. अंडवाहिन्या दोन, डावी आणि उजवी. पिल्ले त्यांत माळेच्या मण्यांसारखी एकामागोमाग बसलेली. दोन्ही नळ्या शेवटी अवस्करात उघडतात. मलमूत्र आणि पिल्ले, सर्वांसाठी बाहेरचे दार तेच एक. रांगेतला पहिला मणी अडकला की मागची सगळी रांग थांबते.

पिंजऱ्यातले सहा महिने

अडण्याची कारणे डॉक्टर ढोबळमानाने दोन प्रकारांत मांडतात. एकात वाट खरोखर बंद असते. पिल्लू फार मोठे, वाकडेतिकडे वाढलेले किंवा मेलेले असते, अंडवाहिनीला पीळ पडलेला असतो, किंवा मादीच्या कमरेची हाडे लहानपणीच्या कुपोषणामुळे वेडीवाकडी झालेली असतात. दुसऱ्या प्रकारात वाट मोकळी असते, पण ढकलायला बळ नसते. पाळीव सरड्यांमध्ये हा दुसरा प्रकार नेहमीचा, आणि त्याची मुळे जवळपास नेहमी संगोपनात सापडतात.

सगळ्यात आधी पाणी. शॅमेलिऑन वाटीतले साचलेले पाणी सहसा ओळखत नाही. पानांवरून ओघळणारे थेंब तो चाटतो. जंगलात रोज धुके आणि पाऊस असतो. घरात दिवसातून एकदा घाईघाईने मारलेला फवारा त्याची जागा घेऊ शकत नाही. पोटात वीस गर्भ असलेल्या मादीला रोजच्यापेक्षा जास्त पाणी लागते, आणि पाणी कमी पडले की अंडवाहिनीतला ओलसरपणा, रक्ताभिसरण, स्नायूंची ताकद, सगळेच घसरते. खोल गेलेले डोळे आणि पांढऱ्याऐवजी गडद पिवळे किंवा नारिंगी यूरेट, म्हणजे विष्ठेसोबत पडणारा खडूसारखा भाग, ही कोरडेपणाची जुनी ओळख. ती दिसेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते.

मग उष्णता. सरडा म्हणजे वाळवंट, वाळवंट म्हणजे तापलेला दिवा, असा एक समज घट्ट बसलेला आहे. डोंगरावरच्या जातीसाठी तो जीवघेणा ठरतो. दिवसा एकवीस ते सत्तावीस अंश आणि रात्री त्याहून बराच गारवा, हे या मादीचे जग. उन्हाळ्यात बंद खोलीतला, काचेच्या पेटीतला पारा तिशीच्या वर राहिला की ती तोंड उघडून धापा टाकते, पाणी गमावते, आणि गर्भही दगावतात. याउलट तिला शेकायला जागाच दिली नाही, तर पिल्लांची वाढ रखडते आणि प्रसूतीच्या वेळी स्नायू आळसावतात. तिला एकच ठरावीक तापमान नको असते. पिंजऱ्याच्या एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा हवा असतो. निवड तिची ती करते. गाभण माद्या शेकण्यासाठी जास्त वेळ बसतात, हे पाळणाऱ्यांचे नेहमीचे निरीक्षण आहे.

कॅल्शियमचा हिशेब याहून नाजूक. स्नायू आकुंचन पावण्यासाठी कॅल्शियम लागते, आणि वीस पिल्लांच्या हाडांसाठीही लागते. नाकतोडे आणि रातकिड्यांसारख्या भक्ष्यात ते नगण्य असते, म्हणून भक्ष्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरून ते खायला देतात. ते पचवायला ड जीवनसत्त्व हवे आणि ड साठी उन्हातले यूव्हीबी किरण हवेत. खिडकीच्या काचेतून ते येत नाहीत, त्यामुळे वेगळा दिवा लागतो. त्याचा प्रकाश दिसत राहतो, पण किरणांची ताकद महिन्यांनुसार उतरते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इतके ऐकून पाळणारा घाबरतो आणि दोन्ही हातांनी पूड ओततो. तीही चूकच. डोंगराळ शॅमेलिऑनना अ आणि ड जीवनसत्त्वांचा अतिरेक सोसत नाही. गळ्याखाली पाण्याने भरल्यासारखी सूज येते आणि मूत्रपिंडे बिघडतात. साधे कॅल्शियम नियमित आणि जीवनसत्त्वांची पूड अगदी क्वचित, असा प्रघात त्यातूनच पडला.

आणि लाड. दोन जिवांची आहे, म्हणून चार घास जास्त घालण्याची आपल्याकडची रीत जगभर दिसते, आणि इथे तर ती दोन डझन जिवांची! मग मेणकिड्यांच्या अळ्या येतात. त्या म्हणजे चरबीचे गोळे, आणि मादीला त्या मनापासून आवडतात. सरड्यांच्या पोटात मागच्या बाजूला चरबी साठवणाऱ्या दोन गाद्या असतात. त्या फुगल्या की अंडवाहिन्यांना लागणारी जागाच कमी होते. त्यात लहानशा पिंजऱ्यात चढउतार नाही, म्हणजे स्नायूही ढिले. जाड, सुस्त, पहिलटकरीण मादी ही डॉक्टरांना सर्वांत नकोशी रुग्ण.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर क्षुल्लक वाटते. दिवा थोडा जुना आहे, फवारा थोडा कमी पडतो, खोली थोडी गरम आहे. बिनगाभण मादी हे सारे वर्षभर सोसते आणि कोणाला कळतही नाही. गाभणपणात या उधाऱ्या एकदम वसूल होतात.

पाहुणी आधीच गाभण

नर कधी पाहिलाच नाही आणि मादी व्याली, अशी तक्रार घेऊन येणारे पाळणारे काही थोडे नाहीत. जॅक्सन मादी एकदा मिळवलेले शुक्रजंतू शरीरात काही महिने जपून ठेवू शकते. एक वेत झाले की नराशिवायच दुसरे धरते. अशा दुसऱ्या वेतात फलन न झालेल्या अंड्यांचे पिवळसर, मेणचट गोळे पुष्कळदा जास्त असतात. पाळणारे त्यांना स्लग म्हणतात. निरोगी वेतातही दोन-चार स्लग आणि एखाददुसरे मेलेले पिल्लू पडते. त्याने घाबरायचे कारण नाही. पण पिल्ले आली आणि स्लग आतच राहिले, तर ते कुजतात, आणि आठवड्यांनंतर मादी रक्तातल्या जंतुसंसर्गाने जाते. तोवर बाळंतपण सुखरूप झाले म्हणून सर्वांनी सुटकेचा श्वास सोडलेला असतो.

या साठवणीच्या सामर्थ्याचा सर्वांत मोठा पुरावा हवाई बेटांवर आहे. १९७२ मध्ये ओआहू बेटावरच्या कानेओहे इथल्या एका पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराने केनियाहून काही डझन जॅक्सन शॅमेलिऑन मागवले. प्रवासाने ते खंगलेले, सुकलेले पोचले. त्यांनी तरतरी धरावी म्हणून त्याने ते घरामागच्या बागेत झाडांवर सोडले. ते तरतरीत झाले आणि पसार झाले. बेटाच्या त्या बाजूला वारा समुद्रावरून येतो, पाऊस भरपूर पडतो, डोंगरउतार गार असतात. जे प्राणी खोक्यात मरणाच्या दारी होते, त्यांची त्या उतारांवर लेकरेबाळे झाली, आणि पुढे ती इतर बेटांवरही पोचली. खड्डा खणायला योग्य माती शोधण्याची गरज नाही, नराची रोज गरज नाही. एक गाभण मादी नवी वसाहत उभारायला पुरते. तिथल्या दुर्मीळ स्थानिक गोगलगायी या पाहुण्यांच्या पोटात सापडल्यावर पर्यावरण अभ्यासकांची झोप उडाली, पण तो वेगळा विषय. इथे लक्षात घेण्याजोगे इतकेच, की हवामान आणि पाणी जुळले तेव्हा कोणत्याही दाईशिवाय या माद्या पिढ्यानपिढ्या वीत राहिल्या.

जंगलातून पकडून आणलेल्या माद्यांची स्थिती अगदी उलटी. त्यांतल्या बऱ्याच पकडतानाच गाभण असतात. दिवसेंदिवस पाण्याविना प्रवास, पोटात जंत, अनोळखी जागेची धास्ती, आणि नेमक्या गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात दुकानात दाखल. गरोदर आहे म्हणून 'एकावर वीस मोफत' अशा भावनेने विकत घेणाऱ्याच्या हातात खरे तर सर्वांत धोक्यातला प्राणी येतो. केनियाने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच निर्यात थांबवली. त्यानंतर कैदेत जन्मलेल्या प्राण्यांचे महत्त्व वाढले.

भारतात याला कायद्याची बाजू आहे. देशी शॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे. जॅक्सन शॅमेलिऑनसारख्या परदेशी जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत आहेत. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्याची नोंदणी बंधनकारक झाली आणि त्याला झालेली पिल्लेही कळवावी लागतात. बाळंतपण झाले की कागदपत्रेही वाढतात.

थांबावे की धावावे

खरा पेच इथे आहे. विण्याआधीच्या आठवड्यात निरोगी मादीही खाणे कमी करते, कारण पोटात जागा उरत नाही. तीही अस्वस्थ होते, तीही पिंजऱ्याच्या तळाशी फेऱ्या मारते. दिवस मोजून ठरवावे तर गाभणपणाचा काळच हवेवर अवलंबून. गार ठेवलेल्या मादीला महिना-दीड महिना जास्त लागू शकतो आणि ते बिघाडाचे लक्षण नसते. म्हणून 'दिवस भरले का' हा प्रश्न इथे फारसा उपयोगी पडत नाही. 'ती कशी आहे' हा प्रश्न उपयोगी पडतो.

खाणे सोडलेली पण टक्क डोळ्यांनी पाहणारी, पाणी पिणारी, फांदी घट्ट धरणारी मादी थांबू शकते. दिवसा डोळे मिटणारी मादी थांबू शकत नाही. शॅमेलिऑनसाठी दिवसा झोपणे हे माणसाच्या बेशुद्धीच्या जवळचे लक्षण आहे. निसर्गात अशक्त दिसणारा सरडा पक्ष्याच्या चोचीत जातो, म्हणून तो शेवटपर्यंत धडधाकट असल्याचा आव आणतो. आव गळून पडला म्हणजे शक्ती संपली. पकड सैल होणे, जोर करूनही काही बाहेर न येणे, चार-पाच पिल्ले येऊन प्रसूती अर्ध्यावर थांबणे आणि पोटात गाठी तशाच जाणवणे, दुर्गंधी येणारा स्राव, अवस्करातून लाल मांसल भाग बाहेर येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. मधली विश्रांती नैसर्गिकही असू शकते हे खरे. पण विश्रांती घेणारी मादी फांदीवर सावध बसलेली असते, कोपऱ्यात पडलेली नसते.

पोट दाबून पिल्लू बाहेर काढण्याचा मोह मात्र टाळायलाच हवा. अंडवाहिनीची भिंत कागदासारखी पातळ असते. ती फाटली की बलक आणि गर्भ पोटाच्या पोकळीत सांडतात आणि मग वाचण्याची शक्यता फार थोडी उरते.

शंभर ग्रॅमचा रुग्ण

दवाखान्यात पहिली पायरी म्हणजे आत काय आहे ते पाहणे. शेवटच्या टप्प्यात पिल्लांच्या हाडांत पुरेसे कॅल्शियम भरलेले असते, त्यामुळे क्ष-किरण चित्रात छोटे मणके आणि कवट्या ओळीने दिसतात. आधीच्या टप्प्यात दिसत नाहीत. सोनोग्राफीत गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसू शकतात. पिल्ले जिवंत आहेत की मेलेली, हे त्यावरून कळते आणि पुढचा निर्णय त्यावर ठरतो. रक्त तपासायचे तर इतक्या लहान जिवातून एक मिलिलिटरच्या आतच घेता येते. त्यातही एक फसवा आकडा असतो. बलक तयार होण्याच्या काळात मादीच्या रक्तातले एकूण कॅल्शियम नैसर्गिकरीत्याच बरेच चढते, कारण ते बलकाच्या प्रथिनांना बांधलेले असते. त्यामुळे अहवालात भरपूर दिसणारे कॅल्शियम स्नायूंच्या उपयोगाचे नसूही शकते. जाणकार डॉक्टर म्हणून मुक्त कॅल्शियम वेगळे मोजतात.

उपचारांची सुरुवात साध्या गोष्टींनी होते. योग्य ऊब, सलाइन, कॅल्शियमचे इंजेक्शन आणि अंधारी, शांत जागा. नुसत्या पाण्याने आणि उबेने काही माद्या दुसऱ्या दिवशी आपोआप वितात. त्यानंतर कळा आणणारे औषध. माणसांत आणि गुरांत वापरले जाणारे ऑक्सिटोसिन इथेही देतात. कासवांमध्ये ते चांगले लागू पडते, सरड्यांमध्ये भरवशाचे नाही. कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीरात हे काम व्हॅसोटोसिन नावाचे वेगळे संप्रेरक करते. ते औषध म्हणून सहज मिळत नाही. ऑक्सिटोसिन त्याची जागा अर्धवटच भरून काढते. वाट बंद असताना ते दिले तर अंडवाहिनी फाटते, म्हणून क्ष-किरण चित्र न काढता कळांचे इंजेक्शन देणे हा जुगार ठरतो. तसे करणारा डॉक्टर टाळलेला बरा.

औषधाने भागले नाही तर शस्त्रक्रिया. बहुतेक सरड्यांच्या पोटावर मधोमध, कातडीच्या अगदी लगत एक मोठी शीर धावते, त्यामुळे चीर मधोमध घेत नाहीत. शॅमेलिऑनचे शरीर तर दोन्ही बाजूंनी चपटे, पानासारखे. त्यामुळे अनेक शल्यविशारद बरगड्यांच्या मागे कुशीतून आत शिरतात. भूल वायूची असते, पण सरपटणारे प्राणी श्वास रोखून धरण्यात पटाईत. गुंगीत ते श्वास घेणे थांबवतात आणि कोणीतरी श्वासनळीत घातलेल्या बारीक नळीतून ठरावीक वेळाने हवा भरत बसावे लागते. अंडवाहिनी उघडून पिल्ले आणि स्लग एकेक करून काढले जातात. वेळेत आलेल्या मादीची काही पिल्ले जिवंतही निघतात. भिंत काळी पडली असेल, तर अंडवाहिनी आणि अंडाशय दोन्ही काढून टाकतात. मादी पुन्हा कधी वीत नाही, पण पुन्हा अडतही नाही. सरड्यांची कातडी सावकाश जुळते. टाके सहा ते आठ आठवडे ठेवावे लागतात.

यश कशावर ठरते, याबद्दल डॉक्टरांमध्ये फारसे दुमत नाही. मादी शस्त्रक्रियेच्या टेबलावर किती पाणी आणि किती शक्ती घेऊन आली, यावर. पहिल्या दिवशी आलेली मादी आणि पाचव्या दिवशी आलेली मादी यांच्यावरची शस्त्रक्रिया तीच असते, निकाल वेगळा लागतो.

सुखरूप व्यालेली मादीही तशी खंगलेलीच असते. बाजूंची कातडी सैल लोंबते, पाठीचा कणा उठून दिसतो. पहिल्या दिवशी तिला अन्नापेक्षा पाणी लागते, तेही लांब, संथ, थेंबथेंब. पिल्लांना लगेच वेगळे करतात, कारण हलणारी छोटी वस्तू म्हणजे भक्ष्य, एवढेच तिला कळते, आणि आईपणाची दुसरी कोणतीही जाणीव तिच्यात नाही. पुढचे वेत साठवलेल्या शुक्रजंतूंतून काही आठवड्यांतच सुरू होऊ शकते, म्हणून या काळात तिला नराजवळ नेत नाहीत, आणि दर आठवड्याला तिचे वजन लिहून ठेवतात. खाणे वाढलेले नसताना वजन चढू लागले, की पुन्हा काय सुरू झाले ते कळते. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा त्यासाठी पुरतो.